दोन दारांचा समुद्र

वर्गात जगाचा नकाशा टांगला की एक प्रश्न हमखास येतो : "बाई, तांबडा समुद्र खरंच तांबडा असतो का?" नकाशात तर तो इतर समुद्रांसारखाच निळा रंगवलेला असतो. आपण 'नाही' म्हणून मोकळे होतो आणि पुढच्या समुद्राकडे वळतो. पण हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. तो विचारणाऱ्यांत जुआंव द कास्त्रूसारखा माणूस होता. १५४१ साली गोव्याहून सुएझवर चालून गेलेल्या पोर्तुगीज आरमारात तो होता. पुढे तो गोव्याचा कारभारी झाला आणि १५४८ मध्ये तेथेच वारला. या मोहिमेत त्याने सबंध किनाऱ्याची बारकाईने नोंद ठेवली. वाटेत तांबूस दिसणारे पाणी लागले, तेव्हा त्याने ते बादलीने वर काढून पाहिले. पाणी स्वच्छ होते. मग त्याने बुड्या मारणाऱ्यांना तळाशी धाडले. त्यांनी वर आणली ती प्रवाळे. रंग पाण्याचा नसून तळाचा आहे, असा निष्कर्ष कास्त्रूने काढला. ग्रंथात काय लिहिले आहे ते बाजूला ठेवून बादली पाण्यात सोडणारा हा खलाशी आम्हांला फार आवडतो.

त्याचे उत्तर मात्र अर्धेच होते. डिसेंबर १८२३ मध्ये सिनाईच्या किनाऱ्यावर तोर येथे एरेनबर्ग या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाला अख्खी खाडी रक्तासारखी लाल झालेली दिसली. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला तंतूंच्या बारीक जुड्या दिसल्या. १८३० मध्ये त्याने या जिवाला नाव दिले ट्रायकोडेस्मियम एरिथ्रियम. हा एक सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जुन्या पुस्तकांतले नीलहरित शैवाल. हवेतला नायट्रोजन तो बांधून ठेवतो, म्हणून नापीक समुद्रातही त्याचे पीक येते. उन्हाळ्याच्या तोंडाशी आपल्या अरबी समुद्रातही त्याचे तवंग दिसतात. तेव्हा तांबडा समुद्र कधीमधी, कुठेकुठे तांबडा असतो, हे खरे. नाव मात्र त्यावरूनच पडले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. कारण ग्रीक लोक ज्याला 'तांबडा समुद्र' म्हणत, त्यात आपला अरबी समुद्रही येत असे.

नावाचे एवढे पुरे. या समुद्राचे खरे वैशिष्ट्य त्याच्या रंगात नसून त्याच्या दारांत आहे.

नकाशात पाहा. आफ्रिका आणि अरबस्तान यांच्यामध्ये ही एक लांबट फट आहे : लांबी सुमारे २,२५० कि.मी., आणि रुंदी जास्तीत जास्त साडेतीनशे कि.मी.च्या आसपास. दोन्ही किनारे इतके समांतर आहेत की कात्रीने कापून एकमेकांना जोडावेत असे वाटते. मुलांना खरोखरच तसे करू द्यावे, कारण घडले आहे ते तसेच. अरबस्तानचा भूपट्ट आफ्रिकेपासून सुमारे तीन कोटी वर्षांपासून दूर सरकतो आहे. आधी जमीन ताणली जाऊन खचली, मग त्या खचदरीत समुद्र शिरला. दक्षिण भागात गेली सुमारे पन्नास लाख वर्षे नवा सागरतळ तयार होत आहे. सरकण्याचा वेग वर्षाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, म्हणजे आपली नखे वाढतात त्याच्याही निम्म्याने. अटलांटिक महासागर बाल्यावस्थेत कसा असेल हे पाहायचे असेल तर येथे यावे.

या फटीला निसर्गाने एकच दार ठेवले आहे, तेही दक्षिणेला : बाब-अल-मांदेब, म्हणजे अश्रूंचे दार. सामुद्रधुनीची रुंदी सुमारे तीस कि.मी., आणि त्यातही पेरिम बेट मध्ये आलेले. पण दाराचा खरा अडसर तिथे नाही. सामुद्रधुनीच्या उत्तरेस हानिश बेटांजवळ समुद्राचा तळ उंचावलेला आहे. त्यावर पाणी आहे फक्त १३७ मीटर खोल. हा या समुद्राचा उंबरठा. उंबरठ्याच्या आत तळ सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली जातो, आणि बाहेर एडनचे आखातही खोलच आहे. उंबऱ्याची ही उंची लक्षात ठेवावी. ती पुढे पुन्हा लागणार आहे.

आता हिशेब मांडू. या समुद्राला बारमाही नदी एकही मिळत नाही. पाऊस नगण्य. दोन्ही बाजूंना वाळवंट. उन्हाने दरवर्षी सुमारे दोन मीटर जाडीचा थर वाफ होऊन जातो. दार बंद केले तर शंभर वर्षांत पातळी दोनशे मीटरनी उतरेल. ती उतरत नाही, कारण बाहेरून पाणी सतत आत येत असते. पण वाफ होते ते पाणी, मीठ मागेच राहते. मग आतापर्यंत हा समुद्र मिठागर का झाला नाही?

याचे उत्तर वर्गात करून दाखवता येते. पारदर्शक प्लॅस्टिकचा लांबट डबा घ्यावा. मध्ये पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची फळी मेणमातीने घट्ट बसवावी. फळीला एक भोक वर, एक तळाजवळ. दोन्ही भोके मेणमातीने बुजवावीत. एका बाजूला साधे पाणी, दुसऱ्या बाजूला शाई घातलेले मिठाचे पाणी, दोन्हींची पातळी सारखी. मग बोळे काढावेत. खालच्या भोकातून रंगीत, जड पाणी साध्या पाण्याकडे सरकते, आणि त्याच वेळी वरच्या भोकातून साधे पाणी उलट दिशेने येते. एकाच दारातून दोन वाटा! बाब-अल-मांदेबमध्ये बहुतेक वर्षभर हेच चालते. वरून हलके पाणी आत, खालून खारट पाणी बाहेर. उन्हाळ्यात वारे बदलले की हा क्रम थोडा बिघडतो. त्या तपशिलात येथे शिरत नाही. आत येणाऱ्या एक किलो पाण्यात साधारण साडेछत्तीस ग्रॅम क्षार असतात. उत्तर टोकाला जाईपर्यंत ते चाळिसाच्या वर जातात. हेच जड पाणी बुडून मागे फिरते, उंबरा ओलांडते आणि अरबी समुद्रात काही शे मीटर खोलीवर दूरवर पसरते.

उंबऱ्याचा आणखी एक परिणाम आहे. कोणत्याही महासागरात दोन हजार मीटर खाली गेले की पाणी दोन-चार अंशांवर येते, कारण तळाशी ध्रुवांकडून आलेले थंड पाणी असते. तांबड्या समुद्रात हे पाणी शिरूच शकत नाही. उंबरा त्याला अडवतो. म्हणून येथे तळापर्यंत तापमान सुमारे साडेएकवीस अंश सेल्सियस. दोन हजार मीटर खोलीवरही एवढी ऊब! काही खड्ड्यांत तर त्याहून नवल आहे. १९४८ मध्ये 'अल्बाट्रॉस' या स्वीडिश जहाजाला येथे खोलवर विचित्र तापमान आढळले. १९६० च्या दशकात कळले की तळातल्या खड्ड्यांत पन्नास-साठ अंश तापलेले, नेहमीच्या समुद्राच्या सातपट खारट आणि धातूंनी भरलेले पाणी साचले आहे. फाटणाऱ्या तळातली उष्णता आणि जुन्या काळी हा समुद्र आटला तेव्हा साचलेले मिठाचे जाड थर, यांच्या भेटीतून ते तयार झाले.

आता उंबऱ्याची उंची आठवा : १३७ मीटर. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या भरात, जगातले इतके पाणी बर्फ होऊन जमिनीवर बसले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरनी खाली होती. दार बंद झाले नाही, पण जेमतेम फट राहिली. बाष्पीभवन चालूच. आतल्या एक किलो पाण्यात क्षार पन्नास ग्रॅमच्या वर गेले. तळातल्या गाळाचे नमुने काढले की त्या काळच्या थरांतून फोरॅमिनिफेरा नावाच्या तरंगत्या सूक्ष्म जिवांची कवचे नाहीशी झालेली दिसतात. पाणी त्यांना सोसण्यापलीकडे गेले होते. दार किती अरुंद तितका आतला समुद्र खारट, या नात्यामुळे तांबड्या समुद्राचा गाळ जगभरच्या समुद्रपातळीचा मोजमापी कागद ठरला आहे. गेल्या काही लाख वर्षांत समुद्र किती चढला, किती उतरला, याचा एक उत्तम लेखाजोखा शास्त्रज्ञांनी येथूनच वाचला.

हिमयुग संपले, पाणी चढले, दार पुन्हा रुंद झाले आणि बाहेरचे जीव पुन्हा आत येऊ लागले. पण आत येणाऱ्याला आधी दक्षिणेचा पट्टा ओलांडावा लागे, आणि तो जगातल्या सर्वांत तापट सागरी पट्ट्यांपैकी एक आहे. उन्हाळ्यात तेथील पृष्ठजल बत्तीस अंशांच्या आसपास असते. पुढे उत्तरेस जावे तो पाणी निवळशंख, खारट आणि अन्नाला तोकडे. येथे टिकलेल्या माशांच्या हजाराहून अधिक जाती आज माहीत आहेत, आणि त्यांतली सात-आठ जातींमागे एक जगात दुसरीकडे कोठेही नाही. दाराच्या जाचातूनच हे वेगळेपण आले आहे.

माणसांनाही या समुद्राने आपल्या अटी घातल्या. त्यांतली मोठी अट वाऱ्याची. उत्तर भागात वर्षभर उत्तर-वायव्येचा वारा वाहतो. दक्षिण भागात उन्हाळ्यात तोच, पण हिवाळ्यात उलटा, आग्नेयेकडून. म्हणजे शिडाच्या गलबताला सुएझहून खाली येणे सोपे, वर जाणे महाकठीण. त्यातच किनाऱ्यालगत सर्वत्र प्रवाळखडक, म्हणून रात्री नांगर टाकून थांबायचे.

इजिप्तची राणी हॅट्शेपसुत हिने इ.स.पू. पंधराव्या शतकात पुंट देशाला गलबते धाडली. देर-अल-बहरी येथील तिच्या मंदिराच्या भिंतीवर ती कोरलेली आहेत, आणि गलबतांखाली पाण्यात मासे आहेत. ते इतके नेमके आहेत की त्यांतले बरेचसे आज जातीनिशी ओळखता येतात. या समुद्रातल्या जीवसृष्टीची ही पहिली सचित्र नोंद म्हणायला हरकत नाही.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तच्या टॉलेमी राजाने बेरेनिके हे बंदर वसवले. नकाशात ते शोधले की पहिल्यांदा चूक वाटते. सुएझ सोडून, सुमारे सहा अक्षांश दक्षिणेस, ओसाड वाळवंटात बंदर कशासाठी? कारण तेच : वारा. हिंदुस्थानाहून परतणारी गलबते हिवाळ्यात आग्नेयेच्या वाऱ्यावर अर्धा समुद्र चढून येत. पुढे समोरून वारा. त्याच्याशी झगडत सुएझ गाठण्यापेक्षा वाटेतच माल उतरवावा आणि उंटांवर लादून नाईलकाठी न्यावा, हे स्वस्त. हा उंटांचा प्रवास बारा दिवसांचा होता. १९९४ पासून तेथे झालेल्या उत्खननात हिंदुस्थानी घडणीच्या एका रांजणात साडेसात किलोंहून थोडी जास्त काळी मिरी मिळाली. सागवानी तुळयाही मिळाल्या. २०२२ मध्ये तर बुद्धाची मूर्तीच सापडली.

याच व्यापाराची वाटाडी-पोथी म्हणजे इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस'. इजिप्तहून जुलैत निघावे, म्हणजे वरून येणारा वारा समुद्रातून बाहेर काढतो आणि पुढे नैर्ऋत्य मोसमी वारे हिंदुस्थानास पोचवतात, असे त्यात सांगितले आहे. पैठण आणि तेर येथून माल भडोचला जातो हे त्याला माहीत आहे. सोपारा माहीत आहे. कल्याणबद्दल मात्र त्याची तक्रार आहे : पूर्वी हे बंदर रीतसर खुले होते, आता तेथे चुकून आलेल्या ग्रीक गलबतांना पहाऱ्यात भडोचला नेतात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणाची ही झळ. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत ती याच सुमाराच्या शतकांतली. त्या दानांतला काही पैसा या दारातून आला असेल, असे मानायला जागा आहे.

पुढची सतरा शतके आम्ही ओलांडतो, कारण एका मोहिमेपाशी थांबायचे आहे.

जानेवारी १७६१ मध्ये डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने सहा जणांची तुकडी अरबस्तानकडे रवाना केली. गटिंगेन येथील प्राध्यापक मिखाएलिस याची ही कल्पना. त्याने प्रश्नांची लांबलचक यादीच सोबत दिली होती. सुएझजवळ समुद्र भरती-ओहोटीला किती चढतो-उतरतो, हा त्यांतला एक. मोझेसच्या कथेत समुद्र दुभंगतो, त्याचा उलगडा त्याला हवा होता. तुकडीत भाषापंडित फॉन हावेन, वैद्य क्रामर, चित्रकार बाउरेनफाइंड, नोकर बेर्गग्रेन, नकाशे काढणारा कार्स्टेन नीबुर आणि निसर्गशास्त्रज्ञ पीटर फोर्स्कॉल होते.

फोर्स्कॉल हेलसिंकीत जन्मलेला, लिनियसचा शिष्य. १७५९ मध्ये त्याने नागरी स्वातंत्र्यावर एक पुस्तिका छापली आणि सरकारने ती जप्त केली. वाटलेल्या प्रती परत गोळा करण्याचे काम आले विद्यापीठाचा प्रमुख म्हणून खुद्द लिनियसवर! असा हा तापट, हट्टी तरुण ऑक्टोबर १७६२ मध्ये सुएझला यात्रेकरूंच्या गलबतात चढला, जेद्दाला उतरला आणि वर्षअखेरीस येमेनमधील लुहय्याला पोचला. तेथे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली एक ऊ ठेवून अमिराच्या माणसांना दाखवली. एका नोकराने निक्षून सांगितले, की एवढी मोठी ऊ अरबस्तानात असूच शकत नाही, ही नक्की युरोपातली.

फोर्स्कॉल कोळ्यांकडून मासे घेई आणि त्यांनाच नावे विचारी. मद्यार्कातले नमुने सांभाळणे अवघड होते. मोखाच्या जकात नाक्यावर बरण्या उघडल्यावर जी दुर्गंधी सुटली तिने मोठेच प्रकरण उभे राहिले. त्याची दुसरी युक्ती मात्र नामी होती. वनस्पती दाबून वाळवून कागदावर चिकटवतात, तसे त्याने मासे चिकटवले! माशाच्या एका बाजूचे कातडे परांसकट सोलायचे, दाबून वाळवायचे आणि कागदावर डकवायचे. असे शंभराच्या आसपास कागद कोपनहेगनच्या संग्रहालयात आजही आहेत.

मे १७६३ मध्ये फॉन हावेन मोखाला वारला. ११ जुलैला येमेनच्या डोंगराळ भागात यरीम येथे फोर्स्कॉल गेला. वय ३१. कारण बहुधा हिवताप. उरलेले चौघे आजारी अवस्थेतच मुंबईला येणाऱ्या इंग्रजी जहाजात चढले. वाटेत, ऑगस्टच्या शेवटी, एका दिवसाच्या अंतराने बाउरेनफाइंड आणि बेर्गग्रेन गेले. क्रामर फेब्रुवारी १७६४ मध्ये मुंबईत वारला. उरला एकटा नीबुर. मुंबईत तो डिसेंबर १७६४ पर्यंत होता. या काळात त्याने घारापुरीच्या लेण्यांना पुन्हा पुन्हा जाऊन मोजमापे घेतली, चित्रे काढली, आणि इराणमार्गे नोव्हेंबर १७६७ मध्ये घरी पोचला. मिखाएलिसच्या प्रश्नांत कोणाला फारसा रस उरला नव्हता. नीबुरने आपल्या मित्राची विस्कटलेली टिपणे जुळवली आणि १७७५ मध्ये छापून काढली.

म्हणून आज असे होते. मुंबईच्या खाडीतल्या तिवराच्या एका जातीचे शास्त्रीय नाव पुस्तकात पाहा : ॲव्हिसेनिया मरिना, आणि पुढे कंसात 'फोर्स्क.'. कोकण-गोव्यातली मुडदुशी म्हणजे सिल्लागो सिहामा, पुढे कंसात फोर्स्कॉल, १७७५. तांबोशीपुढेही तेच. यांतले 'सिहामा' हे मूळ अरबी नाव. तसेच दुसऱ्या दोन माशांच्या नावांतले 'बोहर' आणि 'सोहल'. लॅटिन पेहरावात का होईना, तांबड्या समुद्रावरच्या निनावी कोळ्यांची बोली जगभरच्या प्राणिशास्त्रात शिरली आहे. आमच्या मते त्या मोहिमेची ही सर्वांत टिकाऊ कमाई.

पुढे हा समुद्र मुंबईच्याच हाताने मोजला गेला. १८२९ पासूनच्या काही वर्षांत मुंबईच्या आरमारातील 'पालिनुरस' आणि 'बनारस' या जहाजांनी सर्व प्रवाळखडकांचे नकाशे काढले. 'पालिनुरस'चा प्रमुख मोर्सबी. डार्विनने तांबडा समुद्र कधी पाहिला नाही. प्रवाळबेटांवरील १८४२ च्या ग्रंथात त्याने या समुद्राबद्दल लिहिले ते मुख्यतः मोर्सबीच्या आधारे. घाई होती ती वाफेच्या जहाजांची. मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मार्च १८३० मध्ये निघून महिन्याभरात सुएझला पोचली. समोरच्या वाऱ्याची अट वाफेने मोडली होती. मात्र आगबोटीला कोळसा लागतो, म्हणून १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतले आणि मुंबई इलाख्याला जोडले. वासुदेव बळवंत फडके यांना एडनच्या तुरुंगात का ठेवले, हे विद्यार्थ्यांना कोडे वाटते, त्याचे उत्तर येथे आहे. सरकारच्या लेखी एडन मुंबई इलाख्यातच होते. १८८३ मध्ये फडके तेथेच वारले.

तोपर्यंत या समुद्राला दुसरे दार पडले होते. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला. मुंबई-लंडन सागरी अंतर सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. शिडाच्या जहाजांना मात्र कालव्याचा उपयोग जवळजवळ नव्हता; समुद्रातला वारा तोच होता. बेरेनिके ज्या वाऱ्याने वसवले, त्यानेच आता मोठ्या शिडांचा धंदा बसवला.

या कालव्यात पाण्याची पातळी वरखाली करणारे दरवाजे नाहीत. दोन समुद्र सरळ जोडले गेले. आरंभी वाटेतल्या 'कडू सरोवरां'च्या तळाशी मिठाचा जाड थर होता आणि त्या अतिखारट पाण्याने बऱ्याच जिवांना रोखले. मीठ हळूहळू विरघळून गेले. नाईलच्या पुराचे गोडे पाणी कालव्याच्या भूमध्य समुद्राकडील तोंडाशी दुसरा अडथळा होते. १९६० च्या दशकात आस्वानचे उंच धरण झाल्यावर तेही आटले. तांबड्या समुद्रातली एक मोत्याची शिंप १८७४ मध्येच अलेक्झांड्रियाला दिसली होती. आज कालव्यातून भूमध्य समुद्रात गेलेल्या परक्या जाती चारशेहून अधिक आहेत. उलट दिशेने गेलेल्या अगदी थोड्या. खारट, उष्ण पाण्यात तावून निघालेल्यांना पलीकडचे पाणी सोपे. पलीकडच्यांना इकडचे नव्हे. फ्रान्सिस पोर या प्राणिशास्त्रज्ञाने या स्थलांतराला कालवा बांधणाऱ्या लेसेप्सचे नाव दिले.

सिगॅनस रिव्ह्युलेटस हा शैवाल खाणारा मासा फोर्स्कॉलच्याच पुस्तकातला. १९२० च्या दशकात तो पूर्व भूमध्य समुद्रात पोचला. आज तो आणि त्याचा एक भाऊबंद यांनी तुर्कस्तान-लेबानन भागातले शैवालाने झाकलेले खडक खरवडून उघडे पाडले आहेत. कोळी त्याला विकतात, लोक खातात. त्या अर्थाने तो तेथला झाला आहे. २००३ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आढळलेला फुगा मासा मात्र विषारी आहे, आणि जाळी फाडून आतली मासळी खातो. लेसेप्सने अंतर मोजले, खर्च मोजला. असल्या पाहुण्यांची मोजदाद तेव्हा कोणी केली नव्हती. २०१५ मध्ये कालवा आणखी रुंद करताना ती माहीत होती, तरी तिचा फारसा विचार झाला नाही, ही आमची तक्रार आहे.

दक्षिणेच्या दाराची अवस्था गेल्या काही वर्षांत आपण बातम्यांतून पाहिली आहे. येमेनच्या युद्धात किनाऱ्याजवळ देखभालीविना पडलेल्या 'सेफर' या तेलवाहू जहाजातून ११ लाखांहून अधिक पिंपे तेल ऑगस्ट २०२३ मध्ये सुखरूप काढून घेतले गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत क्षेपणास्त्राचा मार बसलेले 'रुबिमार' हे जहाज मार्चमध्ये बुडाले, तेव्हा त्यात सुमारे २१,००० टन खत होते. स्वच्छ आणि नापीक पाण्यातल्या प्रवाळांना तेल घातक, पण खतही घातकच. खताने शैवाल माजते आणि प्रवाळ झाकून टाकते.

आणि या प्रवाळांकडे सध्या साऱ्या जगाचे डोळे लागले आहेत. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त काळ तापले की प्रवाळांच्या पेशींत राहणारे, त्यांना अन्न पुरवणारे शैवाल निघून जाते. प्रवाळ पांढरे पडतात आणि बहुधा मरतात. तांबड्या समुद्राच्या मध्य भागात, अरबस्तानच्या किनाऱ्यावर, २०१० आणि २०१५ मध्ये असे घडले. पण उत्तर टोकाच्या अकाबाच्या आखातातून आणलेले प्रवाळ प्रयोगशाळेत चार-पाच अंश जास्त तापवले तरी तग धरून राहिलेले आढळले. उत्तरेच्या त्यामानाने थंड पाण्यात राहणाऱ्यांकडे ही ताकद आली कोठून? काही संशोधकांचा तर्क असा : हिमयुगानंतर त्यांचे पूर्वज डिंभावस्थेत दक्षिणेच्या दारातून आले, तेव्हा त्या तापट पट्ट्याने नाजूक होते त्यांना वाटेतच गाळले. जे उत्तरेला पोचले ते उष्णता सोसणारेच होते. त्या दाराची चाळणी झाली, तिचा फायदा आज होतो आहे.

अर्थात ही चाळणी उष्णतेची होती. सांडपाणी, खत आणि तेल यांची नव्हती. अकाबाच्या आखाताचा किनारा इजिप्त, इस्रायल, जॉर्डन आणि सौदी अरेबिया या चार देशांत वाटलेला आहे, आणि पाणी एकच. उत्तर टोकाला एलातजवळ समुद्रात पिंजरे ठेवून मासे वाढवत. त्यांच्या विष्ठेने आणि उरलेल्या खाद्याने प्रवाळांचे नुकसान होते की नाही यावर शास्त्रज्ञांत, धंदेवाल्यांत आणि सरकारात वर्षानुवर्षे भांडण चालले. शेवटी २००८ मध्ये ते पिंजरे पाण्यातून उचलण्यात आले.